ढीग केव्हा होतो? माती अडवणारे काही नियम

मंडळी, वर्गात आम्ही पुष्कळ वर्षं एक जुनं ग्रीक कोडं शिकवलं. वाळूच्या ढिगातून एकेक कण काढत गेलात, तर ढीग संपला असं नेमकं केव्हा म्हणायचं? मुलं विचारायची, सर, याचा उपयोग काय? उपयोग आज सांगतो. बांधकामाची माती वाहून जाऊ नये म्हणून जो कोणी नियम करतो, त्याला हे कोडं सोडवावंच लागतं. किती माती हलली म्हणजे नियम लागू?

अमेरिकेतल्या मेरिलंडचं उत्तर बघा. तिथल्या माँटगोमेरी काउंटीनं 1965 मध्येच गाळ अडवणं सक्तीचं केलं, राज्याचा कायदा 1970 चा. साधारण 5,000 चौरस फूट जमीन उघडी पडणार किंवा 100 घनयार्ड माती हलणार, तर आधी आराखडा मंजूर करून घ्यायचा. आपल्या मापात साडेचार गुंठे, किंवा 27 ब्रास. म्हणजे एक बंगलासुद्धा यात सापडतो. नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा 1973 चा. तिथं आराखड्याची रेघ एका एकरावर. चाळीस गुंठ्यांच्या आत असाल तर आराखडा नको.

पण आम्हाला क्षेत्रफळापेक्षा दिवसांचा हिशेब जास्त बोलका वाटतो. काम थांबलं की उघडी जमीन किती दिवसांत गवत-पेंढ्यानं झाकायची? तीनास एक याहून तीव्र उतार असेल तर मेरिलंड तीन दिवस देतं, इतरत्र सात. नॉर्थ कॅरोलायना सात आणि चौदा. उताराचं माप तेच, मुदत दुप्पट! मातीला राज्याची हद्द कळत नाही, तेव्हा हा फरक मातीच्या शास्त्रातून आला असेल असं आम्हाला वाटत नाही. बिल्डरला किती घाई करायला लावायची आणि उताराखालच्या माणसाला किती दिवस धोक्यात ठेवायचं, या तडजोडीचा तो आकडा आहे. तडजोड असायला हरकत नाही, फक्त ती तांत्रिक आकड्याच्या वेषात येते तेव्हा वाचताना सावध राहावं.

कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ काउंटीत तर कॅलेंडरच नियमात आहे. 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल हा तिथला पावसाळा. त्या काळात जमीन सपाट करायची तर वेगळी मंजुरी लागते. ज्याचा पाऊस ठरलेल्या महिन्यांत येतो त्याला याहून साधा नियम सुचू नये, आणि आपल्याइतका ठरलेला पाऊस कुणाचा आहे?

आता घरी येऊ. आपल्याकडे नियम नाहीत असं अजिबात नाही. 1:5 हून तीव्र उताराच्या टेकडीवर बांधकाम नको, हे 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. पर्यावरण मंजुरी लागते ती 2006 च्या अधिसूचनेनुसार, 20,000 चौरस मीटर बांधकामापासून. गोम इथेच आहे. हे माप इमारतीचं आहे, उघड्या पडलेल्या जमिनीचं नाही. टेकडीचा पायथा पोखरून नुसते प्लॉट पाडले, तर 50 हेक्टरपर्यंत ही मंजुरी लागतच नाही.

आणि माती? ती आपल्या कायद्याला मुख्यतः गौण खनिज म्हणून दिसते. मुरूम किती ब्रास, रॉयल्टी भरली का? पायासाठी खणून त्याच प्लॉटवर वापरलेल्या मातीवर रॉयल्टी बसते का, हा पुण्याच्या बिल्डरांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 2014 मध्ये न्यायालयानं बिल्डरांची बाजू उचलून धरली, आणि आम्हाला तो निकाल पटतोही. पण त्या सगळ्या वादात माती कशासाठी वापरली हा प्रश्न होता. पावसात ती कुठं जाते हा नव्हताच.

जून 2013 मध्ये कात्रज घाटाजवळ शिंदेवाडीला काय झालं ते आठवतं ना? टेकडी फोडलेली, ओढ्याची वाट भरावानं अडलेली. पाऊस आला आणि हायवेवरून एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेल्या. त्या दिवशी उताराखाली कोण होतं, हे कुठल्याच ब्रासमध्ये मोजलं गेलं नव्हतं.

आमच्या सोसायटीच्या वरच्या अंगाला मध्यंतरी खोदकाम झालं. पहिल्याच वळवात आमच्या पार्किंगमध्ये वीतभर लाल चिखल. आम्ही चार म्हातारे अर्ज घेऊन कचेरीत गेलो. साहेब सज्जन होते, बसवलं, चहा सांगितला, फाइल मागवली. सगळी पानं उलटून म्हणाले, "सर, यांच्या पावत्या सगळ्या बरोबर आहेत."