पाहिलेले आणि ऐकलेले

दिवाळीत मुलांच्या हाती आपण हौसेने गोष्टींची पुस्तके देतो. आठवणी आणि प्रवासवर्णने मात्र परीक्षेसाठी राखून ठेवतो. ‘लेखक कोठे गेला? केव्हा गेला? तेथे काय घडले?’ एवढी उत्तरे आली, की धडा संपला! माझी तक्रार या संपण्याविषयी आहे. खरी हकीकत सांगणाऱ्या लेखनाला विचारायचा पहिला प्रश्न निराळाच आहे: लेखकाला हे कळले कसे?

विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ घ्या. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरच्या कर्जापायी, दक्षिणेच्या आशेने, १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. १८५८ साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा ते झाशीतच होते. त्यांनी हे लिहिले मात्र पुष्कळ वर्षांनी, आठवणीतून. चिंतामणराव वैद्यांनी ते प्रसिद्ध केले १९०७ साली.

चौथीतल्या मुलांपुढे यातली दोन-तीन पानेच ठेवावीत. बंडाची वार्ता भटजींना वाटेत शिपायांकडून कळली, ती ऐकलेली. झाशीतली कत्तल त्यांनी जीव मुठीत धरून अनुभवली; ती पाहिलेली. पाहिलेल्याखाली मुलांनी सरळ रेघ ओढावी, ऐकलेल्याखाली तुटक. जेथे कोणती रेघ ओढावी हेच कळेना, तेथे खरे वाचन सुरू झाले असे मी समजतो.

कोवळ्या वयात संशय कशाला शिकवायचा, असे कोणी म्हणेल. पण हा संशय नव्हे, ही पारख आहे. बाजारातला नारळही आपण वाजवून घेतो! रेघा ओढल्याने भटजी खोटे ठरत नाहीत. उलट सरळ रेघेवरची वाक्ये मनाला अधिक भिडतात. आणि फोनवर आलेला मजकूर आज घरची वडीलधारी मंडळीही न तपासता पुढे पाठवतात, तेव्हा घरात असा एक तरी चिमुकला पारखी असणे गरजेचे आहे.

द्रव्यासाठी गेलेले भटजी परतले ते गंगेची कावड घेऊन. हे मुलांकडून पाठ करून घेण्याऐवजी, भटजींनी ते आवर्जून का सांगितले असेल, असे फराळ करताना मुलांना विचारून पाहा. उत्तराची घाई मात्र करू नका.