परकीय घटस्फोट आणि भारतीय न्यायालय : नरसिंह राव निर्णयाचे परीक्षण

परकीय न्यायालयाने दिलेला घटस्फोट भारतात कितपत मानावा, या प्रश्नाचे समग्र उत्तर भारतीय विधिमंडळाने अद्यापि दिलेले नाही. जे उत्तर आज उपलब्ध आहे ते न्यायालयांनी, आणि त्यातही मुख्यतः दोन निर्णयांनी, घडविलेले आहे. पहिला सत्या विरुद्ध तेजा सिंग (१९७४), न्या. य. वि. चंद्रचूड यांनी लिहिलेला. दुसरा नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी (१९९१), न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलेला. दोघेही न्यायमूर्ती मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले. परंतु एकाच जातीच्या कपटाला त्यांनी दिलेली उत्तरे मात्र परस्परांहून पुष्कळच भिन्न आहेत. दुसऱ्या निर्णयाने पहिल्याची अपूर्णता भरून काढली, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज अर्धाच खरा आहे.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ हे या विषयातील एकमेव वैधानिक अधिष्ठान. परकीय निवाडा उभय पक्षांवर निर्णायक मानावा असा सामान्य नियम सांगून हे कलम सहा अपवाद नमूद करते : न्यायालयाला अधिकारिता नसणे, निवाडा गुणावगुणांवर नसणे, आंतरराष्ट्रीय विधीची चुकीची कल्पना अथवा भारतीय विधीची उपेक्षा, नैसर्गिक न्यायाचा भंग, कपट, आणि भारतीय विधीच्या भंगावर आधारलेला दावा. सावकार, व्यापारी आणि त्यांचे ऋणको यांच्या तंट्यांत ही भाषा सहज शोभते. फरीदकोटच्या राजाच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १८९४ साली जो विचार केला तो पैशाच्या दाव्याचाच होता. विवाहासारख्या, व्यक्तीची सामाजिक स्थितीच ठरविणाऱ्या संबंधाला ही भाषा लागू करावयाची तर तिच्यात बराच अर्थ बाहेरून भरावा लागतो.

सत्या प्रकरणात हा अर्थ भरण्याचा मोह न्या. चंद्रचूड यांनी आवरला. १९५५ साली जालंधर येथे विवाह झालेला पती १९५९ मध्ये अमेरिकेस गेला, यूटा राज्यात शिकला व तेथेच नोकरीस लागला. घटस्फोट मात्र त्याने १९६४ च्या अखेरीस नेव्हाडा राज्यातून मिळविला. पत्नीचा अधिवास पतीच्या अधिवासाला अनुसरतो, हा जुना इंग्रजी सिद्धान्त स्वीकारून पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो घटस्फोट ग्राह्य धरला होता. सर्वोच्च न्यायालयाने ली मेझुरियर (१८९५) पासून इंडिका (१९६७) पर्यंतच्या इंग्रजी विचाराचा परामर्श घेतला. निर्णय मात्र एका साध्या वस्तुस्थितीवर दिला. नेव्हाडात आपले खरेखुरे वास्तव्य आहे हे पतीचे कथन असत्य होते. तस्मात् तो हुकूमनामा कपटाने मिळविलेला होता. या विषयावर स्वतंत्र कायदा व्हावा, अशी अपेक्षाही तेथेच व्यक्त झाली.

नरसिंह राव प्रकरणाची हकीगत याहून फारशी वेगळी नाही. १९७५ साली तिरुपती येथे विवाह; पुढे मिसूरी राज्यात जेमतेम नव्वद दिवसांचे वास्तव्य दाखवून १९८० साली, विवाह पुनः न जुळण्याइतका मोडला आहे या कारणावर, पतीने मिळविलेला घटस्फोट; १९८१ साली त्याचा दुसरा विवाह; आणि पहिल्या पत्नीची द्विविवाहाची फिर्याद. कपटाचा निष्कर्ष येथेही निघाला, व तेवढ्यावर प्रकरण संपविता आले असते. न्या. सावंत यांनी तसे केले नाही. उभय पक्षांचा विवाह ज्या कायद्यान्वये झाला त्या कायद्याला मान्य असलेले न्यायालय आणि त्याच कायद्याला मान्य असलेले कारण, ही दोन्ही असतील तरच परकीय घटस्फोट ग्राह्य, असा व्यापक नियम त्यांनी घालून दिला. अपवाद तीन. प्रतिवादीचा अधिवास किंवा कायम वास्तव्य त्या देशात असून कारण मूळ कायद्यातील असणे. अशाच कारणावरील दाव्यात प्रतिवादीने स्वेच्छेने व परिणामकारकपणे भाग घेणे. अथवा प्रतिवादीने घटस्फोटास संमती देणे.

या निर्णयाचा खरा गौरव नैसर्गिक न्यायासंबंधीच्या विवेचनासाठी व्हावयास हवा. समन्स पोहोचले म्हणजे सुनावणीची संधी मिळाली, या औपचारिक कल्पनेला तेथे स्पष्ट नकार आहे. आंध्रातील एखाद्या गावी राहणारी स्त्री परदेशप्रवासाचा, तेथील निवासाचा आणि वकिलाचा खर्च पेलू शकते काय, हे पाहिल्यावाचून संधी मिळाली असे म्हणता येणार नाही, हा विचार कलम १३ च्या शब्दांत नव्हता. तो न्यायालयाने आणला, आणि योग्यच केले. सत्या निर्णयात हे नाही. कपट सिद्ध करण्याचा भार तो निर्णय पत्नीवरच ठेवतो. आणि सहस्रावधी मैल दूर असलेल्या राज्यात पती किती दिवस राहिला, हे सिद्ध करणे सोपे नव्हे.

परंतु ‘कारण’ हा घटक अधिकारितेशी जोडण्यात गंभीर दोष राहून गेला आहे. समजा, मुंबईत विवाह झालेले एक हिंदू दांपत्य वीस वर्षे लंडनमध्ये राहत आहे. घटस्फोट पत्नीस हवा आहे, पती विरोधात आहे. इंग्लंड व वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून विवाह मोडला आहे एवढे निवेदन पुरेसे असते. क्रूरता, व्यभिचार, परित्याग यांची शाबिती तेथे लागत नाही. तत्पूर्वीच्या इंग्रजी हुकूमनाम्यात असे एखादे तथ्य असे, व ते हिंदू विवाह कायद्यातील कारणाशी जुळविता येई. आता जुळविण्यासारखे काही उरलेलेच नाही. पहिला अपवाद कारणाअभावी लागू होत नाही. दुसराही होत नाही, कारण दावा मूळ कायद्यातील कारणावर नाहीच. शिवाय विवाह मोडला की नाही, यावर वाद घालण्यास त्या पद्धतीत जागाच नाही. उरली संमती. म्हणजे लंडनच्या न्यायालयाने मुक्त केलेल्या स्त्रीचे भारतातील वैवाहिक स्थान पतीच्या मर्जीवर टांगलेले राहते. परित्यक्तेच्या रक्षणार्थ रचलेला नियम येथे तिच्याच विरुद्ध वापरता येतो. या दांपत्याच्या बाबतीत सत्या निर्णयाची कपटाची कसोटी अधिक न्याय्य ठरली असती. कारण वीस वर्षांच्या वास्तव्यात कपट कसले?

‘अधिवास’ हा शब्द पहिल्या अपवादात निर्वेध ठेवणे हेही सावधपणाचे नव्हे. इंग्लंडने पत्नीचा परतंत्र अधिवास १९७३ च्या कायद्याने रद्द केला. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ व १६ मध्ये तो अद्याप नांदतो आहे. ज्या युक्तिवादाने पत्नी उच्च न्यायालयात हरली होती, त्यालाच या शब्दातून पुनः वाट मिळू शकते.

विधि आयोगाने आपल्या ६५ व्या अहवालात १९७६ सालीच परकीय घटस्फोटांच्या मान्यतेसाठी स्वतंत्र कायदा सुचविला होता. असा कायदा झाला नाही. वैवाहिक घटस्फोटांच्या मान्यतेविषयीचा १९७० चा हेग करारही भारताने स्वीकारलेला नाही. आणि २०१९ चा निवाडेविषयक हेग करार कौटुंबिक बाबी मुळातच वगळतो. दरम्यान शिल्पा शैलेश प्रकरणात (२०२३) घटनापीठाने, विवाह पूर्णतः मोडला असल्यास घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालय तो एका पक्षाच्या विरोधासही न जुमानता विसर्जित करू शकते, असे ठरविले. जे कारण मिसूरीच्या न्यायालयाला नाकारले गेले, तेच आता भारतातील एका न्यायालयास, आणि केवळ त्याच एका न्यायालयास, खुले आहे; कौटुंबिक न्यायालयांना ते आजही नाही.