नाद की नात

दोन वर्षांपूर्वी पापनाशमच्या एका मराठी आजींची वही माझ्याकडे इंग्रजी अनुवादासाठी आली. हे पापनाशम तंजावर आणि कुंभकोणम यांच्यामधले, आगगाडीच्या जुन्या मेन लाइनवरचे. कमल हासनच्या 2015च्या चित्रपटातले पापनाशम वेगळे, ते तिरुनेलवेलीकडचे. आजींचे घराणे तंजावर मराठी. सतराव्या शतकात व्यंकोजी भोसल्यांनी तंजावरला गादी स्थापन केल्यानंतर त्या मुलखात रुजलेल्या कुटुंबांपैकी एक. घरात बोलणे मराठी, शाळा तमिळ. त्यामुळे वहीची भाषा मराठी आहे आणि लिपी तमिळ.

वहीत मोठे काही घडत नाही. यजमान निवृत्त झाले त्या वर्षी आजींनी ती सुरू केली आणि जमेल तशी वीसेक वर्षे लिहिली. कोण आले, काय रांधले, कोणत्या गाडीने कुठे गेलो, तिकिटाला किती पडले, कोणाला मूल झाले. मुले चेन्नई, बंगळूर, पुणे अशी पांगलेली. मूल झाले की आजींचा प्रवास, आणि प्रवास झाला की वहीत चार पाने. अशी पाच नातवंडे आणि पाच प्रवास.

तमिळ लिपीत त, थ, द आणि ध या चारही ध्वनींना एकच अक्षर आहे. तमिळ वाचणाऱ्याला ते अडत नाही, पण मराठी शब्द त्या लिपीत उतरले की वाचणाऱ्याला पदोपदी ठरवावे लागते. ‘काडी’ आणि ‘गाडी’ सारखीच दिसते. ‘नात’ आणि ‘नाद’ही सारखेच दिसतात. एका पानावर, काशीला जायचा बेत मोडल्याच्या नोंदीखाली, दोनच शब्दांचे वाक्य होते. मी ते ‘नाद पुरे’ असे वाचले.

आणि मला फार आनंद झाला. इतक्या पानांच्या बारीकसारीक हिशेबात अखेर एक वाक्य सापडले होते, ज्याच्यावर प्रस्तावना उभी करता येईल. संसाराचा, यात्रेचा, हिंडण्याचाही नाद पुरे झाला म्हणणारी वृद्धा. मी त्या वाक्याला वहीचा कळस मानले. बाळंतपणांची आणि बारशांची पाने ‘पुनरुक्ती’ म्हणून कमी केली. जवळजवळ एक तृतीयांश मजकूर गेला. उरलेला मजकूर घट्ट, उदास आणि वाङ्मयीन दिसू लागला.

मसुदा आजींना वाचून दाखवायला मी पापनाशमला गेले. त्या पानाशी आल्यावर त्यांनी मला थांबवले. त्यांनी लिहिले होते ते ‘नात पुरे’. शेजारणी काशीला निघाल्या होत्या आणि यांनाही चला म्हणत होत्या. त्याच महिन्यात पुण्याच्या लेकीला मुलगी झाली होती. यंदा काशी नको, मला नात पुरे, एवढाच त्याचा अर्थ. आजी रागावल्या नाहीत, हसल्या. पण हसता हसता त्यांनी विचारले की उरलेली नातवंडे कुठे गेली. मी दिलेले उत्तर आठवले की अजूनही अवघडायला होते. मी म्हणाले, तिथे काही घडत नाही.

ही केवळ लिपीची चूक असती तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. एक अक्षर दोन तऱ्हांनी वाचता येत होते आणि मी नेमके ‘नाद’ वाचले, कारण म्हातारपणाबद्दलच्या मजकुरात काय असावे हे मी आधीच ठरवून बसले होते. हे मला कोणी शिकवले, असे स्वतःला विचारत गेले तेव्हा उत्तर बरेच मागे गेले.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाने घर कधी सोडावे याच्या खुणा दिल्या आहेत. अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पांढरे झाले आणि अपत्याचे अपत्य पाहिले, की अरण्याचा आश्रय करावा. यातली तिसरी खूण मी यापूर्वी कधी नीट वाचलीच नव्हती. नातवंड ही तिथे निघून जाण्याची सूचना आहे. ते जन्मते ते आजोबांची पाळी संपली हे सांगायला. प्रत्यक्षात किती आजोबा अरण्यात गेले हा वेगळा प्रश्न. पण साहित्याने हे वळण पक्के धरून ठेवले. म्हातारा माणूस शहाणा दिसायचा तर त्याने काहीतरी सोडत असले पाहिजे, आणि स्वतःहून सोडत नसेल तर ते त्याच्याकडून हिसकावले गेले पाहिजे.

आपल्या रंगभूमीवरची वार्धक्याची दोन मोठी नाटके घ्या. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ 1970चे, आणि जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ त्याच दशकातले. ‘नटसम्राट’मध्ये आप्पा बेलवलकरांनी सगळे मुलांना देऊन टाकले आहे. तिथे ठमी ही नात आहे आणि तिच्या सहवासातले क्षण उजळ आहेत. पण नाटकाला तो उजेड हवा आहे तो पुढचा काळोख गडद दिसावा म्हणून. ‘संध्याछाया’तल्या नाना-नानींचा एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. तिथे घर भरलेले नसणे हाच विषय आहे. दोन्ही नाटकांनी मराठी मध्यमवर्गाला त्याच्या घरातली क्रूरता आणि एकटेपणा दाखवला, आणि ते दाखवायलाच हवे होते. माझी तक्रार नाटककारांकडे नाही. आपण वाचकांनी आणि समीक्षकांनी त्या दोन नाटकांचे एक मोजमाप करून टाकले, ही खरी अडचण आहे. वार्धक्याचे लेखन गंभीर आहे का, हे आपण त्यात किती गमावले गेले यावरून ठरवतो.

तुलनेसाठी यासुजिरो ओझू यांचा 1953चा ‘टोकियो स्टोरी’ पाहा. त्यातही म्हातारे जोडपे मुलांकडे जाते, मुलांना वेळ नसतो, परतल्यावर आजी मरते. सारांशापुरता तो आपल्या नाटकांच्या जवळचा आहे. पण चित्रपट उघडतो तो सामान बांधण्यावर. हवेची उशी सापडत नाही. ती तुझ्याकडेच दिली होती, असे आजोबा म्हणतात आणि मग ती त्यांच्याच सामानात निघते. पुढे टोकियोत आजी धाकट्या नातवाला घेऊन उघड्या माळावर जाते. तो मोठेपणी कोण होईल आणि तेव्हा आपण असू का, असे ती त्याला विचारते. तो गवत उपटत आपल्या खेळात असतो. ओझू हा प्रसंग कशाची तयारी म्हणून वापरत नाही. उशी, गवत, पंख्याने घेतलेला वारा यांना तो मृत्यूइतकाच वेळ देतो. त्यामुळे शेवटी माणूस जाते तेव्हा काय गेले हे आपल्याला नेमके माहीत असते. आजींच्या वहीतून मी वगळले होते ते हेच, काय होते याची नोंद.

पापनाशमहून परतण्याआधी आजींच्या सांगण्यावरून मी तिरुक्करुकावूरला गेले. गाव पापनाशम तालुक्यातच आहे. तिथल्या मुल्लैवननाथाच्या देवळात गर्भरक्षांबिकेचे स्थान आहे, म्हणजे गर्भ राखणाऱ्या देवीचे. मूल हवे असणाऱ्यांना इथे तूप देतात आणि गरोदर बाईच्या पोटाला लावायला एरंडेल. रांगेत जोडपी होती, तितकीच साठी-सत्तरीची माणसेही होती. सून परगावी, लेक परदेशी, म्हणून तेल न्यायला आलेली. मनूने सांगितलेल्या खुणा त्यांच्या अंगावर होत्या, पण त्यांची दिशा उलटी होती. ही माणसे अरण्याकडे निघालेली नव्हती, तेलाची बाटली सामानात सांडू नये म्हणून पिशवीत पिशवी घालत होती. आजींचे पाचही प्रवास इथूनच सुरू झाले होते. ती सगळी पाने मी वगळलेल्या भागात होती.

प्रवास आणि बाळंतपण यांची ही जोडी त्या भागात नवी नाही. 1801 साली सरफोजीराजांनी कंपनीच्या रेसिडेंटला तंजावरच्या छत्रांविषयी, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळांविषयी, पत्र लिहिले. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषधपाणी, आणि वाटेत बाळंत होणाऱ्या बायकांची देखभाल, अशी कामे त्यात सांगितली आहेत. पुढे 1820च्या सुमारास राजे स्वतः मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले आणि त्या यात्रेवर मराठी लावण्या रचल्या गेल्या. वाङ्मयाच्या इतिहासात त्या लावण्यांची नोंद होते, आणि व्हावीच. छत्राच्या कामांची यादी मात्र आपण प्रशासनाच्या खात्यात टाकतो. राजाची यात्रा वाङ्मय झाली आणि लेकीच्या बाळंतपणाला तिसऱ्या वर्गाने केलेला प्रवास कौटुंबिक राहिला. ही वाटणी कोणत्या वाङ्मयीन कसोटीवर झाली, हे मला कुठे लिहिलेले आढळले नाही.

शेजारच्या तमिळ साहित्यातही आजींना जागा मिळालेली नाही. ति. जानकीरामन यांच्या ‘मोग मुळ्’ या कुंभकोणमच्या कादंबरीतली यमुना मराठी आईची मुलगी आहे. तंजावरची मराठी स्त्री तमिळ वाचकांच्या मनात आहे ती बरीचशी यमुनेमुळे, कोणाच्या तरी मोहाचा विषय म्हणून. तीच स्त्री सत्तरीत पुण्याच्या फ्लॅटमध्ये नातीला न्हाऊ घालताना काय विचार करते, हे तमिळलाही ठाऊक नाही आणि मराठीलाही नाही.

कौटुंबिक नोंदी सगळ्या सारख्याच मोलाच्या, असे मला म्हणायचे नाही. मुलांच्या घरी जाऊन आलेल्या आजी-आजोबांची, घरच्या खर्चाने छापलेली अनेक पुस्तके मी वाचली आहेत. त्यांतल्या बहुतेकांत नातू हुशार असतो, रस्ते स्वच्छ असतात आणि लिहिणारा सतत समाधानी असतो. ती कंटाळवाणी होतात, पण त्याचे कारण त्यांत दुःख नसते हे नव्हे. त्यांत दुसरे माणूसच नसते. नातवंड तिथे आजोबांच्या कृतार्थतेचा पुरावा म्हणून उभे असते. ‘नटसम्राट’च्या नकला करणाऱ्या नाटकांत ते करुणेचे साधन असते आणि या पुस्तकांत सुखाचे. दोन्हीकडे त्याला स्वतःचा स्वभाव नसतो.

आजींच्या वहीत तो असतो. पुण्याला शेजाऱ्यांशी त्या मराठीत बोलायला जातात तेव्हा शेजारी हिंदीत उत्तर देतात. त्यांची मराठी ही मराठीच आहे हे त्यांना पटत नाही. आजी ते एका ओळीत लिहितात, पुढे एरंडेल किती उरले ते लिहितात. काही वर्षांनी हीच नात आजीच्या बोलण्याची नक्कल करून घरच्यांना हसवते. आजींना ते लागते आणि गंमतही वाटते. त्या रात्री रसवांगी केली, नातीने वांगी बाजूला काढून ठेवली, अशी नोंद आहे. तीनशे वर्षे जपलेली भाषा एका पिढीत कशी निसटते, यावर मी पुष्कळ शोधनिबंध वाचले आहेत. ताटाच्या कडेला काढलेल्या त्या वांग्यांइतके स्पष्ट मला त्यांतले काही दिसले नाही. आणि आजी तिथे हळहळत नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत नातीला दाताचा त्रास आहे.

अनुवादात एक शब्द मात्र शेवटपर्यंत अडला. तमिळमध्ये नातवाला ‘पेरन्’ म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘पेयर’ म्हणजे नाव आहे. नातू म्हणजे आजोबांचे नाव घेऊन चालणारा. तंजावरच्या भोसल्यांनीही ही रीत पाळलेली दिसते. शहाजींच्या नातवाचे नाव शहाजी, एकोजींच्या नातवाचे एकोजी, पहिल्या तुळजाजींच्या नातवाचे तुळजाजी. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेल्या मराठी वंशचरित्राचा हा घराण्याचा इतिहास. रीत महाराष्ट्रातही आहे, पण मराठीतला ‘नातू’ संस्कृत ‘नप्तृ’वरून आला आणि त्यात नावाची आठवण नाही. आजी वहीत दोन्ही शब्द वापरतात. हिशेबाच्या ओळीत पेरन्, लाडाच्या ओळीत नातू. कोरलेल्या वंशावळीत मुले गादीला होतात. वहीत ती घराला होतात, रात्री रडतात आणि आजीला जागवतात.

वगळलेली पाने मी आता परत घातली आहेत. पुस्तक सैल झाले आहे. एका संपादकाने ते परत पाठवताना मध्यभागी पुनरुक्ती फार आहे असे कळवले, आणि तसे म्हणणे चुकीचे नाही. पाच बाळंतपणे एकमेकांसारखी असतातच. मी उत्तरात एवढेच लिहिले की, पाचव्या वेळी आजी तेल घ्यायला एकट्या जातात. ते वाचकाच्या लक्षात यायचे तर आधीच्या चारही वेळा यजमान पिशवी धरून सोबत असलेले त्याने पाहायला हवेत. पाचव्या नोंदीत त्यांचा उल्लेख नाही.

ते दोन शब्दांचे वाक्यही नव्याने केले. पुरवले ते एकच अक्षर, पण बदलावा लागला पुढचा शब्दसुद्धा. ‘नाद पुरे’मधले पुरे म्हणजे थांबा. ‘नात पुरे’मधले पुरे म्हणजे भागते, आणखी काही लागत नाही. आजींना तमिळ ‘पोदुम’ मध्येही हे दोन्ही अर्थ मिळाले असते. इंग्रजीत मला एकच निवडावा लागला, आणि या वेळी तो त्यांना विचारून निवडला.