'बरा आहे' म्हणजे किती बरा?

दोन प्रकारच्या चित्रपटांवर लिहिणे सोपे असते. चित्रपट अप्रतिम असला की विशेषणे आपोआप सुचतात आणि टाकाऊ असला की टोमणे सुचतात. अवघड असतो तो मधला चित्रपट. पाहताना कंटाळा येत नाही, पैसे गेल्याचे दुःख होत नाही, पण आठवड्याने कोणी गोष्ट विचारली तर डोके खाजवावे लागते. समीक्षक अशा चित्रपटाची दोन ओळींत बोळवण करतो : एकदा पाहायला हरकत नाही, पाचपैकी तीन तारे. या दोन ओळींविषयी वाचकांशी आम्हांला थोडे बोलायचे आहे, कारण आपल्या घरांत संध्याकाळी पाहिले जाणारे बहुतेक चित्रपट याच जातीचे असतात.

थोडक्यात निकाल देण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेतल्या लेनर्ड मॉल्टिन यांच्या जाडजूड चित्रपट-मार्गदर्शकात हजारो चित्रपटांना एकेक छोटा परिच्छेद मिळत असे. १९४८ सालच्या 'इझंट इट रोमँटिक?' या चित्रपटाच्या शीर्षकातल्या प्रश्नाला त्यांनी एका नकारार्थी शब्दात उत्तर दिले आणि परीक्षण तिथेच संपवले. मुंबईत बाबूराव पटेलांचे 'फिल्मइंडिया' १९३५ पासून निघू लागले आणि त्यांच्या तिखट लेखणीची भल्याभल्यांना धास्ती असे. पण 'वाईट' हे एका शब्दात सांगता येते, 'बरा' हे सांगता येत नाही. बरा म्हणजे कशात बरा आणि कोणासाठी बरा, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही.

आम्ही शाळेत होतो तेव्हा प्रगतिपुस्तकावर 'प्रगती समाधानकारक' असा शेरा असे. सरासरी पंचावन्न गुण मिळाले की हा शेरा ठरलेला. पण एकाचे पंचावन्न म्हणजे गणितात नव्वद आणि भाषेत वीस, तर दुसऱ्याला दोन्हींत पंचावन्नच. दोघांना एकच शेरा दिला तर आईबापांना काय कळणार? तीन ताऱ्यांचेही तसेच आहे. म्हणून खाली चार चित्रपटांचे निकाल आम्ही आमच्या पद्धतीने देत आहोत : काय जमले, काय फसले आणि कोणाबरोबर पाहावा.

'बातों बातों में' (१९७९). दिग्दर्शक बासू चटर्जी. लोकलच्या गाडीत टोनी आणि नॅन्सी भेटतात, प्रेमात पडतात, रुसतात, जुळवून घेतात. गोष्ट पोस्टकार्डावर मावेल एवढीच आहे आणि उत्तरार्धातला रुसवा गरजेपेक्षा जास्त लांबतो. पण वांद्र्याच्या ख्रिस्ती घरांतली वर्दळ, जावई गाठण्याची आईची घाई आणि अमोल पालेकरांचा संकोच, हे सारे खरे वाटते. आपल्यासाठी मुख्य म्हणजे टॉम अंकल, अर्थात आपले डेविड अब्राहाम चेऊलकर. 'बूट पॉलिश' (१९५४) मधल्या जॉन चाचासाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले होते. इथे तेवढे मोठे काम नाही, तरी ते आले की पडद्यावर घरचे माणूस आल्यासारखे वाटते. 'खट्टा मीठा' (१९७८) मध्ये तेच पारशी मंडळींत सहज मिसळतात. दुसऱ्यांच्या घरचा काका इतक्या आपलेपणाने उभा करणारा नट तीन ताऱ्यांच्या चित्रपटातच सापडतो, कारण मोठ्या चित्रपटात काकाला एवढी जागा मिळत नाही. नातवंडांबरोबर पाहावा. गाणी कळली नाहीत तरी गाडीची गर्दी त्यांना कळेल.

'शालोम बॉलीवूड' (२०१७). डॅनी बेन-मोशे यांचा हा माहितीपट हिंदी चित्रपटांतल्या ज्यू कलावंतांची ओळख करून देतो. सुलोचना, प्रमिला, नादिरा आणि आपले डेविड एका ठिकाणी पाहायला मिळतात, आणि एवढ्यासाठीच तो पाहायला हवा. चित्रपट खेळकर आहे, रंगीत आहे, वेगाने पुढे सरकतो. दोषही तिथेच आहे. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, नादिरा म्हणजे फ्लोरेन्स इझिकेल. या नायिका बगदादी घराण्यांतल्या, तर चेऊलकर कोकणच्या मातीतले. या दोन समाजांची भाषा वेगळी, राहणी वेगळी, आणि पडद्यापर्यंत पोहोचण्याची वाटही वेगळी. तो फरक सावकाश समजून घ्यायला इतक्या वेगात सवड मिळत नाही. परक्यांना दाखवायला उत्तम. घरी पाहताना मात्र शेजारी आजी हवी. उरलेले तिने सांगायचे.

'चार्ली वाखेत्सी' (१९७४). दिग्दर्शक बोआझ डेविडसन, नायक येहूदा बरकान. गल्लीबोळांतला टपोरी चार्ली, त्याच्या मागे शेपटासारखा फिरणारा लहान मुलगा आणि श्रीमंत घरातली मुलगी. अशा चित्रपटांना इस्रायलमध्ये 'बोरेकास' म्हटले गेले, आणि त्या काळच्या समीक्षकांच्या तोंडी तो शब्द कौतुकाचा नव्हता. विनोद ढोबळ आहे, गरीब-श्रीमंत जोडीचा शेवट आधीच कळतो. पण मोरोक्को, इराक, भारत अशा देशांतून आलेल्या माणसांच्या वस्त्यांतली हुशारी आणि उर्मटपणा यात मोकळेपणाने दिसतो. समीक्षकांनी मोडीत काढलेला हा चित्रपट टीव्हीवर पुन्हा पुन्हा लागतो आणि लोक त्यातले संवाद तोंडपाठ म्हणतात. दोन ओळींचा निकाल पन्नास वर्षांनी कसा फिरतो, याचे याहून चांगले उदाहरण आमच्याजवळ नाही.

'सोफ हाओलाम स्मोला' (२००४). दिग्दर्शक आवी नेशेर. साठच्या दशकाच्या अखेरीस नेगेवच्या वाळवंटातल्या एका गावात भारतातून आलेली आणि मोरोक्कोहून आलेली कुटुंबे शेजारी राहतात. दोन मुलींची मैत्री, कारखान्यातला संप आणि वाळूतला क्रिकेटचा सामना. इस्रायली प्रेक्षकांनी हा चित्रपट डोक्यावर घेतला. चित्रण देखणे आहे, मुली चांगल्या वठल्या आहेत, क्रिकेट पाहताना आम्हीही हसलो. एखाद्या समीक्षकाने याला 'सुखद करमणूक' म्हणून तीन तारे दिले, तर करमणुकीपुरते ते खरेच आहे.

पण आपल्यासाठी तेवढ्यावर भागत नाही. चित्रपटातल्या भारतीय कुटुंबाचे आडनाव तळकर आहे. आडनावात 'कर' आला की आपण लगेच गाव शोधू लागतो. मात्र या घरातली माणसे बोलतात मुख्यतः इंग्रजी आणि वागतात साहेबांसारखी. तशी घरे मुंबईत होती, हे आम्ही नाकारत नाही. पण दिमोना, बेअर शेवा, लोद, रामला, अश्दोद इथे येऊन राहिलेल्या आपल्या बहुतेक आयाबाया मराठीत भांडत, मराठीत रडत आणि मराठीतच एकमेकींना धीर देत. हा आवाज पडद्यावर आला नाही, आणि तीन ताऱ्यांत ही उणीव मावत नाही. लाखो इस्रायलींनी भारतीय ज्यू म्हणून जे घर पाहिले, त्यात आपली मायबोली ऐकू आली नाही. हे कोणी लिहून ठेवायचे? तेल अवीवचा समीक्षक लिहिणार नाही, कारण त्याच्या कानाला ते खटकलेच नाही. ते आपणच लिहायला हवे. तरीही चित्रपट जरूर पाहावा, आणि मुलासुनांबरोबर पाहावा, म्हणजे पाहून झाल्यावर बोलायला विषय मिळेल.

यावरून कोणी म्हणेल की मग थोडक्यात लिहूच नये. आमचे मत तसे नाही. सगळ्यांना सवड नसते, आणि दोन ओळींतही पुष्कळ सांगता येते. फक्त त्या ओळींत एक ठोस गोष्ट हवी. 'अभिनय चांगला' याने काही कळत नाही. 'डेविड आले की घरचे माणूस आल्यासारखे वाटते' असे लिहिले की वाचणाऱ्याला काहीतरी हाती लागते. मधल्या प्रतीच्या चित्रपटाला याची गरज सगळ्यांत जास्त असते. अभिजात चित्रपटाची आठवण ठेवायला विद्यापीठे आणि महोत्सव आहेत. बऱ्या चित्रपटाची आठवण ज्यांनी तो चहा पिता पिता पाहिला त्यांनीच ठेवायची असते.

वाचकांना आमची एक सूचना आहे. घरात एखादा असा चित्रपट पाहिलात की आजीआजोबांनी त्यावर दोन ओळी मराठीत लिहाव्यात आणि नातवंडांनी दोन ओळी हिब्रूत. काय जमले, काय फसले, एवढेच लिहायचे. दोन्ही मते एका पानावर शेजारी शेजारी छापली तर ती जुळतात की नाही हे सर्वांना दिसेल. न जुळली तर अधिकच उत्तम, त्या घरात शब्बाथच्या जेवणावर गप्पांना तोटा पडणार नाही. तारे मात्र कोणी देऊ नयेत, ही विनंती.