‘ईनाडू’ : घराण्याचे पत्र

तेलुगूत ‘ईनाडू’ म्हणजे आज. ‘ही भूमी’ असाही अर्थ त्यातून निघतो. कृष्णा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या रामोजी राव यांनी १९७४ साली विशाखापट्टणम येथे हे दैनिक काढले आणि पुढल्याच वर्षी त्याची हैदराबाद आवृत्तीही सुरू केली. उजाडण्यापूर्वी अंक दारी पोचविणे, ग्रांथिक भाषेचा सोस टाकून बोलीस मान देणे आणि जिल्ह्यांच्या वार्तांना स्वतंत्र पाने देणे, हे त्याचे खरे कर्तृत्व. (आपल्या देवस्थानांच्या पत्रिकांना हे शहाणपण अद्याप सुचावयाचे आहे.) तथापि १९८३ च्या निवडणुकीत एन. टी. रामाराव यांच्या पक्षाची पाठराखण करताना वार्ता व प्रचार यांमधील सीमा पुसली गेली, हा आक्षेप मला ग्राह्य वाटतो.

याच घराण्याने २००० साली ‘ईटीव्ही मराठी’ वाहिनी हैदराबादेतून चालविली. महाराष्ट्रातील गावोगावच्या वार्ता रामोजी फिल्म सिटीतून मराठीत ऐकावयास मिळाव्यात, हे तेलुगू उद्योजकाचे धाडस खरे. मराठी धनिकांना मात्र ते भूषणावह नव्हे. पुढे ती वाहिनी विकली गेली व २०१५ साली ‘कलर्स मराठी’ झाली. ८ जून २०२४ रोजी रामोजी निवर्तले. तेलुगू पत्र घराण्याने हातचे जाऊ दिले नाही. मराठी वाहिनी मात्र दिली.