एकट्याचें सोंग

मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' हा खेळ १९७७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. चारचौघांनीं टेबलाभोंवतीं बसावें, प्रत्येकानें एकेक पात्र घ्यावें आणि अंतराळप्रवासाची कथा बोलतां बोलतां घडवावी, असा त्याचा बेत आहे. अंबाजोगाईंत आम्हांस गडी मिळाले नाहींत. सबब एकट्यानेंच पात्रें निर्माण करीत आम्ही तो शिकूं लागलों.

शक्ति, चापल्य, दम, बुद्धि, विद्या व प्रतिष्ठा हे सहा गुण दोन फाशांवर ठरतात. १८ व्या वर्षीं पात्र नोकरींत शिरतें आणि दर चार वर्षांच्या मुदतीस जगण्यासाठीं पुन्हा फासे टाकावे लागतात. टेहळणी दलांत, अंगीं विशेष दम नसल्यास, ७ किंवा अधिक दान पडलें तरच जीव वाचतो. म्हणजे ३६ पैकीं १५ वेळां मरण! आमचा एक टेहळ्या पहिल्याच मुदतींत, खेळ सुरू होण्यापूर्वींच, वारला. वहींतील त्याचें नांव खोडतांना हात अडखळला. नियमांतून माणूस उभा राहतो तो असा. आणि हेंच या पुस्तकाचें खरें यश होय.

परंतु तो माणूस दुसऱ्यास काय उत्तर देईल, हें फासे सांगत नाहींत. बहुरूपी घरीं एकटाच रंग लावतो. सोंग मात्र दुसऱ्याच्या दारांतच उभें राहतें. आमचीं पात्रें रंग लावून वहींत बसलीं आहेत. दार तेवढें उघडावयाचें राहिलें आहे.