धक्क्यावरील एकांत

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक माजी विद्यार्थी धुळ्यास माझ्याकडे आला आणि त्यानें आपण काढलेलीं बारा कृष्णधवल छायाचित्रें माझ्यापुढें मांडलीं. नोकरीनिमित्त तो मुंबईस एकटा राहतो. रविवारीं भाऊच्या धक्क्यावरून लाँचनें रेवसला जावें, तेथील धक्क्याचीं चित्रें घ्यावीं आणि सायंकाळच्या लाँचनें परतावें, असा त्याचा परिपाठ आहे. बारांपैकीं अकरा चित्रें पाहतांक्षणींच मन वेधून घेणारीं होतीं. समुद्राच्या जागीं दुधासारखें धुकें, वर शाईसारखें आभाळ, आणि मधून दूरवर गेलेली धक्क्याची काळी रेघ. माणूस एकहि नाहीं. घरांतील मंडळींनीं ‘वा!’ म्हटलें, मींहि म्हटलें. परंतु रात्रीं तीं चित्रें पुन्हां चाळतांना मनांत एक शंका उभी राहिली, आणि तीच येथें वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

आम्हां खानदेशकरांचा समुद्राशीं संबंध तो कितीसा! आमची तापी सुरतेपाशीं समुद्रास मिळते, पण आम्ही कांहीं तिच्याबरोबर जात नाहीं. समुद्र आम्हांस बहुधा चित्रांतूनच भेटतो. म्हणून चित्र काय दाखवितें आणि काय गाळतें, हें निरखून पाहण्याची गरज किनाऱ्यावरील माणसापेक्षां आम्हांसच अधिक आहे.

धक्क्यांच्या अशा उदास चित्रांची आज मोठी चलती आहे. इंग्लंडांत जन्मलेले छायाचित्रकार मायकेल केना (जन्म १९५३) यांच्या निःशब्द जलदृश्यांनीं या प्रकारास प्रतिष्ठा दिली, आणि देशोदेशीं त्याचें अनुकरण झालें. कृति फारशी अवघड नाहीं. भिंगापुढें अशी गडद काच बसवावयाची कीं प्रकाशाचा सुमारें हजारावा भागच आंत यावा. मग एरव्हीं सेकंदाच्या तिसाव्या भागांत निघणाऱ्या चित्रास चौतीस सेकंद लागतात. तेवढ्या अवधींत लाटांवर लाटा सांचून त्यांचें धुकें होतें. धक्का स्थिर, म्हणून तो रेखीव उमटतो. चालणारा माणूस मात्र एका जागीं क्षणभरच असतो. त्याचा ठसा उमटण्यापूर्वींच तो पुढें सरकलेला असतो, आणि चित्रांतून नाहींसा होतो. त्यानंतर चित्र तयार करतांना आभाळ आणखी काळें करावें, मधल्या करड्या छटा दाबाव्या, कडा गडद कराव्या, कीं उदासपणा सिद्ध झाला!

छायाचित्रांतून माणसें नाहींशीं होणें हें नवीन नव्हे. १८३८ सालीं दागेर यांनीं पॅरिसमधील एका हमरस्त्याचें चित्र घेतलें. रस्ता रहदारीचा, परंतु चित्रांत तो ओस दिसतो, कारण त्या काळच्या पत्र्यावर ठसा उमटावयास कित्येक मिनिटें लागत. एकच गृहस्थ ओळखूं येण्याइतका उरला आहे, आणि तोहि बूट पुसून घेण्यासाठीं एका जागीं थांबला म्हणून. पुढें १८५६-५७ च्या सुमारास गुस्ताव ल ग्रे यांस निराळी अडचण आली. तेव्हांच्या काचेवरील रसायनावर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार जलद होई; समुद्र नीट उमटवावा, तर आभाळ कोरें पडे. म्हणून त्यांनीं आपल्या कांहीं समुद्रदृश्यांत आभाळाची एक आणि पाण्याची एक अशा दोन निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडल्या. या दोघांपैकीं कोणावरहि असत्याचा आरोप करतां येणार नाहीं. दागेर यांचा नाइलाज होता. ल ग्रे हे डोळ्यांस जें एकत्र दिसतें तेंच कागदावर एकत्र आणीत होते. आज सेकंदाच्या हजाराव्या भागांतहि चित्र निघतें. तेव्हां आजचा ओस धक्का हा यंत्राचा दोष नव्हे. ती चित्रकारानें केलेली निवड आहे, आणि निवडीचें कारण विचारण्याचा रसिकांस अधिकार आहे.

भाऊच्या धक्क्यावर काय नसतें? मासळीचा लिलाव, पाट्या वाहणाऱ्या कोळिणी, बर्फाचा चुरा, डिझेलचा वास, मोऱ्याच्या आणि रेवसच्या लाँचसाठीं धांवणारीं माणसें. तेथें एक दारुण स्मृतिहि आहे. १७ जुलै १९४७ रोजीं येथूनच ‘रामदास’ बोट रेवसकडे निघाली आणि वाटेंत बुडाली. सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्या दिवशीं पलीकडे रेवसला किती जण पाण्याकडे डोळे लावून बसले असतील! या जलमार्गाच्या उदासपणास असें कारण आहे, आणि तें माणसांच्या जाण्यायेण्यांत, वाट पाहण्यांत आहे. माणसें वगळून केवळ काळ्या रंगाच्या बळावर तो आणूं पाहणें, म्हणजे कारण टाकून परिणाम मागणें होय.

सकाळीं मीं हें विद्यार्थ्यास बोलून दाखविलें. तो म्हणाला, “सर, गर्दी दाखवली कीं ती बातमी होते. मला एकांत दाखवायचा होता. मुंबईत मला तोच दिसतो.” हें उत्तर सहज उडवून लावण्यासारखें नव्हतें. रघुबीर सिंग (१९४२-१९९९) यांचें मत तर याच्या अगदीं उलट होतें: कृष्णधवल चित्रांतील विषण्णता ही पाश्चात्त्यांची, भारतीय दृष्टि रंगांतच पाहते. तें मत मला पटत नाहीं, आणि न पटण्याचें कारण आमच्या खानदेशांतच आहे. तें दाखविण्यासाठीं त्याच दिवशीं मी विद्यार्थ्यास घेऊन रेल्वेनें चाळीसगांवला गेलों.

तेथें कैखुश्रू ऊर्फ केकी मूस (१९१२-१९८९) यांचें घर संग्रहालय म्हणून जतन केलेलें आहे. आयुष्याचीं सुमारें पन्नास वर्षें मूस या घराबाहेर क्वचितच पडले. बाहेरचें जग त्यांनीं टेबलावर उभें केलें. साध्या वस्तु रचून, दिव्याच्या उजेडानें त्यांवर छाया पाडून निसर्गदृश्य निर्माण करावयाचें आणि त्याचें छायाचित्र घ्यावयाचें. यासच ‘टेबल-टॉप’ म्हणतात. त्यांत सारेंच बनविलेलें, आणि तरीहि मला त्यांत लबाडी दिसत नाहीं. त्या दृश्यांतून कोणास घालविलेलें नाहीं. जें आहे तें एकेक करून हातानें आणून मांडलेलें आहे, आणि हें टेबलावरचें आहे असें कलावंत स्वतःच सांगतो. मूस यांनीं आपला एकांत आपल्याच टेबलावर मांडला. दुसऱ्यांच्या वहिवाटीच्या जागेवर तो लादला नाहीं.

विद्यार्थी बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. परतीच्या गाडींत त्यानें बारावें चित्र पिशवींतून काढलें. तें त्यानें सर्वांखालीं ठेवलें होतें, कारण त्याच्या मतें तें फसलें होतें: शेवटच्या लाँचच्या घाईंत गडद काच बसविण्यास तो विसरला होता. अंधारून येत होतें, तरी दोनच सेकंदांत काम झालें. लाटा अजून लाटाच आहेत, फक्त त्यांच्या कडा मऊ झाल्या आहेत. लाँचकडे निघालेलीं माणसें करड्या ओघळांसारखीं दिसतात, पण तीं माणसें आहेत हें कळतें. आभाळ त्या सायंकाळीं होतें तेवढेंच काळें आहे. पायऱ्यांच्या सांवलींतील शेवाळहि दिसतें. आणि खालच्या पायरीवर एक म्हातारी गुडघ्यांवर हात ठेवून पाण्याकडे पाहत बसली आहे. ती हलली नाहीं, म्हणून एवढ्या घाईंत तीच तेवढी स्पष्ट उमटली आहे. अकरा चित्रांत जो एकांत मला सांपडला नव्हता, तो येथें होता. भोंवतीं माणसें होतीं म्हणूनच तो दिसत होता.

“ती कोणाची वाट पाहत होती?” मीं विचारलें.

“विचारलं नाही, सर. लाँच सुटत होती.”

अकरा चित्रें तो परत घेऊन गेला. बारावें माझ्यापाशीं आहे. त्याच्या मागें त्यानें पेन्सिलीनें लिहिलें आहे: रेवस, सायंकाळ, दोन सेकंद.